पीलखान्याचा दरोगा: सेल्युकस निकेटरची गोष्ट

इ.स.पू. ३२३. बॅबिलोनजवळच्या दलदलीतून सिकंदराची होडी चालली होती. वाऱ्याचा झोत आला आणि राजाची टोपी उडून पाण्यात पडली. टोपीभोवती बांधलेली फीत मात्र सुटली आणि लव्हाळ्यात जाऊन अडकली. ही फीत म्हणजेच राजमुकुट. या ग्रीक राजांचा मुकुट सोन्याचा, हिऱ्यामाणकांचा नसे. कपाळाभोवती बांधायची कापडाची एक पट्टी, तिला डायडेम म्हणत. एका खलाशाने पाण्यात उडी मारून ती सोडवली. पोहत परत येताना हातात धरली तर भिजेल, म्हणून त्याने ती आपल्याच डोक्याला गुंडाळली. झालं! राजा जिवंत असताना दुसऱ्याच्या डोक्यावर राजमुकुट. खलाशाला बक्षीस मिळालं आणि अपशकुन केला म्हणून शिक्षाही. त्यानंतर थोड्याच काळात, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, बॅबिलोनमध्ये सिकंदर वारला.

तो पोहणारा माणूस खलाशी नव्हताच, सेल्युकस होता, असं सांगणारेही प्राचीन काळी होते. मला काही ते पटत नाही. एवढा मोठा सेनाधिकारी फितीसाठी दलदलीत कशाला उतरेल? पण माणूस मोठा झाला की अशा गोष्टी त्याला येऊन चिकटतात, आणि सेल्युकस खरोखरच फार मोठा झाला. सिकंदराच्या साम्राज्याचे तुकडे पडले, त्यातला सगळ्यात मोठा तुकडा अखेरीस त्याच्याकडे आला. त्याच्या घराण्याने पुढे दोनशेहून जास्त वर्षं राज्य केलं.

आपल्याकडे हा राजा शाळेच्या इतिहासात एका वाक्यापुरता येतो: चंद्रगुप्त मौर्याने सेल्युकसला हरवलं. पुढच्या वाक्यात चाणक्य येतो आणि सेल्युकस जातो तो कायमचा. त्याला पलीकडच्या बाजूने बघितलं की मात्र वेगळंच चित्र दिसतं. सिकंदराच्या सगळ्या सरदारांमध्ये हातातली वस्तू वेळेवर सोडून देणं ज्याला जमत होतं, असा हा जवळजवळ एकटाच माणूस.

नांगराची खूण

वर्षांबद्दल आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. इसवी सनापूर्वीची वर्षं उलटी मोजतात, म्हणजे ३५८ आधी आणि ३२३ नंतर. हे डोक्यात ठेवलं की पुढे गोंधळ होत नाही.

सेल्युकसचा जन्म इ.स.पू. ३५८च्या सुमाराचा, ग्रीसच्या उत्तरेला असलेल्या मॅसेडोनियातला. बाप अँटिओकस हा सिकंदराच्या वडिलांच्या, म्हणजे फिलिप राजाच्या पदरी अधिकारी होता. आईचं नाव लाओडिकी. घराणं बरं, पण राजाचं नव्हे. राजघराण्याचं रक्त नसलेला माणूस राजा होतो तेव्हा नंतर कोणीतरी त्याला देवाशी जोडून देतं. इथेही तसंच झालं. त्याचा खरा बाप अपोलो देव आहे, देवाने त्याच्या आईला नांगर कोरलेली अंगठी दिली आणि बाळ मांडीवर नांगराची खूण घेऊन जन्माला आलं, अशी कथा पसरली. इथे नांगर म्हणजे जहाजाचा, शेतातला नव्हे. हा नांगर पुढे त्याच्या नाण्यांवर आला आणि त्याच्या मुला-नातवंडांच्या मांडीवरही म्हणे ती खूण असायची.

सिकंदर आशियावर चालून निघाला तेव्हा सेल्युकसही बरोबर होता. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाशी लढाई झाली, तोवर तो राजाच्या निवडक पायदळाचा सेनानी झाला होता. रात्री पावसात नदी ओलांडताना सिकंदराच्या होडीत जे मोजके लोक होते त्यांत त्याचं नाव येतं. पलीकडे त्याच्यासमोर काय उभं होतं? पोरसाचे हत्ती. हत्तीला न सरावलेला घोडा त्याच्या वासानेच बुजतो आणि मागे फिरतो. त्या दिवशी सेल्युकसच्या माणसांना पायी हत्तींना भिडावं लागलं. ग्रीक जिंकले, पण ज्यांनी ती लढाई लढली ते हत्ती विसरले नाहीत. सेल्युकस तर नाहीच नाही.

दोन वर्षांनी इराणातल्या सूसा शहरात सिकंदराने एक विलक्षण सामुदायिक लग्न लावलं. त्याच्या ऐंशीच्या आसपास सरदारांची लग्नं त्याने इराणी आणि मध्य आशियाई घराण्यांतल्या मुलींशी करून दिली. सेल्युकसच्या वाट्याला अपामा आली. तिचा बाप स्पिटामेनिस सिकंदराविरुद्ध नेटाने लढून मेलेला, आजच्या उझबेकिस्तान-ताजिकिस्तानच्या बाजूचा सरदार. सिकंदर वारल्यावर बाकीच्या बहुतेकांनी या बायका सोडून दिल्याचं मानलं जातं. सेल्युकसने अपामाला सोडलं नाही. त्यात प्रेम किती आणि धोरण किती, ते आता कोण सांगणार! पण पुढे त्याला जे राज्य मिळालं त्यात इराणी आणि मध्य आशियाई मुलूखच जास्त होता, आणि तिथल्या लोकांच्या दृष्टीने त्यांची लेक राणी होती. तिचा मुलगा अँटिओकस पुढे गादीवर बसला.

मयताच्या घरची वाटणी

सिकंदर गेला तेव्हा त्याच्यामागे कारभार चालवू शकेल असा वारस नव्हता. एक सावत्र भाऊ, तो मनाने दुबळा. एक मूल, ते अजून आईच्या पोटात. दोघांनाही राजा ठरवलं गेलं आणि सरदारांनी सुभे वाटून घेतले. याच सरदारांना इतिहासात ‘डायडोकी’, म्हणजे उत्तराधिकारी म्हणतात. पुढची चाळीस वर्षं ते एकमेकांशी लढले, एकमेकांच्या मुलींशी लग्नं केली आणि पुन्हा लढले.

सुभेदाराला इराणी व्यवस्थेत जो शब्द होता त्याचं ग्रीकांनी ‘सत्रप’ केलं. हा शब्द आपल्याला परका नाही. नाशिकच्या लेण्यांमधल्या शिलालेखांत नहपान क्षत्रपाचं नाव आहे, तो ‘क्षत्रप’ मूळ याच इराणी शब्दाचा.

पहिल्या वाटणीत सेल्युकसला सुभा मिळाला नाही, घोडदळाचं मोठं पद मिळालं. तो पर्डिकसच्या हाताखाली होता. पर्डिकस म्हणजे दोन्ही राजांच्या नावाने कारभार पाहणारा. त्याने इजिप्तच्या टॉलेमीवर स्वारी केली आणि नाईल ओलांडताना हजारोंनी माणसं गमावली. कित्येकांना मगरींनी खाल्लं. सैन्य बिथरलं आणि त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला तंबूत गाठून ठार केलं. मारेकऱ्यांमध्ये सेल्युकसचं नाव घेतलं जातं. त्यानंतरच्या वाटणीत त्याला बॅबिलोनचा सुभा मिळाला. सरळ बोलायचं तर सेल्युकसची पहिली मोठी बढती आपल्याच वरिष्ठाच्या खुनातून आली. त्याला साधूपुरुष ठरवायचं काही कारण नाही.

बॅबिलोन श्रीमंत होतं, पण त्याचं सैन्य तोकडं. तेवढ्यात अँटिगोनस आला. एका डोळ्याचा, वयाने सगळ्यांत मोठा आणि सगळंच गिळायला निघालेला. त्याने सेल्युकसकडे सुभ्याच्या उत्पन्नाचा हिशेब मागितला. सेल्युकस म्हणाला, हा सुभा मला माझ्या सेवेबद्दल मिळालाय, मी तुला हिशेब देणं लागत नाही. बाणेदार उत्तर. पण अशा उत्तरानंतर माणसाचं काय होतं ते त्याला ठाऊक होतं, म्हणून पन्नास स्वार बरोबर घेऊन तो निसटला आणि थेट इजिप्तला टॉलेमीकडे पोचला. चार वर्षांत कमावलेला सुभा त्याने एका रात्रीत सोडला. अँटिगोनसला आधी हायसं वाटलं. मग बॅबिलोनच्या ज्योतिषांनी सांगितलं की या माणसाला निसटू दिलंस तर सगळा आशिया त्याचा होईल आणि तू त्याच्याशी लढताना मरशील. अँटिगोनसने मागे माणसं पाठवली, पण पाखरू उडालं होतं.

इ.स.पू. ३१२ मध्ये गाझाला टॉलेमी आणि सेल्युकसने मिळून अँटिगोनसचा मुलगा डिमिट्रियस याला हरवलं. त्यानंतर टॉलेमीने सेल्युकसला परत जायला सैन्य दिलं. किती? सुमारे ८०० पायदळ आणि २०० स्वार. साम्राज्य उभं करायला निघालेल्या माणसाकडे जेमतेम हजार माणसं! त्याच्या सोबत्यांचेही पाय गळाले. तेव्हा त्याने त्यांना समजावलं की सिकंदराबरोबर फिरलेल्यांनी हत्यारं आणि पैसा मोजत बसू नये, अनुभव आणि अक्कल मोजावी. वर अपोलोच्या देवळातल्या कौलाने आपल्याला ‘राजा सेल्युकस’ म्हणून हाक मारल्याचंही सांगितलं. सैन्याला अक्कलही हवी असते आणि देवाचा कौलही.

बॅबिलोनच्या लोकांनी त्याला आपलं मानून आत घेतलं. आधीच्या चार वर्षांत तो त्यांच्याशी नीट वागला होता, त्याचं हे फळ. पुढची दोन-तीन वर्षं अँटिगोनसच्या फौजांनी त्या मुलखाची धूळधाण केली. बॅबिलोनच्या बखरकारांनी मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवलंय की देशात रडणं आणि शोक होता. पण सेल्युकस टिकला.

वर्षं मोजायची नवी रीत

आता जी गोष्ट सांगतो ती लढायांपेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या काळी साल कसं सांगत? ‘अमुक राजाच्या राज्याचं सातवं वर्ष’. राजा मेला की पुन्हा एकपासून सुरुवात. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचं कर्ज किती जुनं, हे काढायला राजांची यादी पाठ हवी.

सेल्युकसने बॅबिलोनला परतल्यापासून आपली वर्षं मोजायला सुरुवात केली. बॅबिलोनी पंचांगानुसार ती इ.स.पू. ३११च्या वसंतापासून धरतात. तो वारल्यावर त्याच्या मुलाने आकडा पुन्हा एकवर आणला नाही, तसाच पुढे चालू ठेवला. नातवानेही. असा न तुटता चालणारा सन जगाला पहिल्यांदा मिळाला. आपल्या पंचांगावरचा ‘शके’ किंवा शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये सुरू केलेला राज्याभिषेक शक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे यातली सोय लक्षात येईल. हे घराणं संपल्यावरही हा सन संपला नाही. सीरियातले ख्रिस्ती तो वापरत राहिले. ज्यू लोक त्याला ‘दस्तऐवजांचा सन’ म्हणत आणि येमेनच्या ज्यूंमध्ये तो अगदी अलीकडच्या काळापर्यंत चालला. राज्य गेलं, तरी खतपत्रावरची तारीख त्याचीच.

पाचशे हत्ती

इ.स.पू. ३०६ मध्ये अँटिगोनसने स्वतःला राजा म्हणवून घेतलं. सिकंदराचा मुलगा तोवर मारला गेला होता, मग लाज कोणाची? बघता बघता इजिप्तचा टॉलेमी, थ्रेसचा (ग्रीसच्या ईशान्येकडच्या मुलखाचा) लायसिमाकस, मॅसेडोनियाचा कॅसँडर आणि सेल्युकस, सगळ्यांनीच कपाळाला फिती बांधल्या. त्याच सुमारास सेल्युकस पूर्वेकडचे सुभे एकेक करून ताब्यात घेत सिंधू नदीपर्यंत पोचला आणि पलीकडे उतरला.

तिथे आता पोरस नव्हता, चंद्रगुप्त मौर्य होता. ग्रीक लेखक त्याला सँड्रोकॉटस म्हणतात. दोघांत युद्ध झालं आणि मग तह. युद्धाचं वर्णन ग्रीकांनी केलेलं नाही, तहाच्या अटी मात्र लिहून ठेवल्यात. सेल्युकसने सिंधूच्या पश्चिमेचा मुलूख दिला. आजच्या भाषेत काबूल, कंदाहार आणि बलुचिस्तानच्या बाजूचा. चंद्रगुप्ताने पाचशे हत्ती दिले. शिवाय दोन्ही बाजूंत सोयरीक ठरली. सेल्युकसची मुलगी हेलेना आणि चंद्रगुप्त यांचं लग्न मालिकांमधून आणि कादंबऱ्यांमधून सगळ्यांना पाठ आहे, पण प्राचीन ग्रीक मजकुरात वधूचं नाव कुठेही नाही. नुसता लग्नसंबंधाचा करार आहे.

मग हरलं कोण? मुलूख बघितला तर चंद्रगुप्त जिंकला, यात शंका नाही. त्याचा नातू अशोक याचे ग्रीक आणि अरेमाइक भाषांतले लेख कंदाहारला सापडलेत. त्यातला दोन्ही भाषांतला लेख १९५८ मध्ये मिळाला. म्हणजे ग्रीक वस्ती असलेला तो प्रदेश पुढेही मौर्यांकडेच होता. पण सेल्युकसच्या जागी बसून बघा. हा मुलूख बॅबिलोनपासून महिनोन्‌महिन्यांच्या वाटेवर. तिथे एका ताकदवान, नव्या दमाच्या राजाशी झुंजत बसलो तर पाठीमागे अँटिगोनस बॅबिलोन गिळणार. राखता येणार नाही अशी जमीन सोडायची, वर पूर्वेकडची सीमा कायमची शांत करायची आणि बदल्यात पश्चिमेत कोणाकडेच नाही असं हत्यार घेऊन जायचं. मला तरी हा तोट्याचा सौदा वाटत नाही.

पाचशे हा गोळाबेरीज आकडा असेल असं काही अभ्यासकांना वाटतं, आणि शंका येण्यासारखीच ती गोष्ट आहे. एक मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. पाचशे हत्तींचे झाले रोजचे ७५ टन. पाणी वेगळं. हा लवाजमा अफगाण डोंगर आणि इराणचं वाळवंट पार करून तुर्कस्तानपर्यंत चालत न्यायचा. बरोबर भारतीय माहूत, कारण हत्ती मॅसेडोनियन शिपायाचं ऐकत नाही. ग्रीक भाषेत पुढे माहुताला ‘इंडोस’, म्हणजे ‘भारतीय’, असंच म्हणू लागले, मग तो कुठलाही असो.

डिमिट्रियसच्या दरबारात या सगळ्याची टिंगल चाले. दारूच्या बैठकीत राजा म्हणून फक्त डिमिट्रियसचा आणि त्याच्या बापाचा मान. बाकीच्यांना टोपणनावं: टॉलेमी हा आरमाराचा अधिकारी, लायसिमाकस खजिनदार आणि सेल्युकस ‘एलिफंटार्क’. आपल्या भाषेत पीलखान्याचा, म्हणजे हत्तीखान्याचा, दरोगा. लायसिमाकसला खजिनदार म्हटल्याचा भयंकर राग आला, कारण ते काम सहसा हिजड्यांकडे असे. बाकीच्यांनी हसण्यावारी नेलं. सेल्युकसनेही.

इ.स.पू. ३०१ मध्ये, आजच्या तुर्कस्तानात, इप्ससच्या मैदानावर सगळ्यांचा हिशेब एकत्र झाला. एका बाजूला अँटिगोनस आणि डिमिट्रियस: ७०,००० पायदळ, १०,००० घोडदळ, ७५ हत्ती. दुसऱ्या बाजूला लायसिमाकस आणि सेल्युकस: ६४,००० पायदळ, साडेदहा हजार घोडदळ आणि ४०० हत्ती. हे आकडे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कचे. डिमिट्रियसने घोडदळासह जबरदस्त मुसंडी मारली. समोर सेल्युकसचा मुलगा अँटिओकस होता, तो मागे हटला. डिमिट्रियस पाठलाग करत दूर निघून गेला आणि वळून बघतो तर परतीच्या वाटेवर हत्तींची भिंत उभी. घोडे पुढे जाईनात. तिकडे बाप उघडा पडला. ऐंशी ओलांडलेला अँटिगोनस जागेवरून हलला नाही. शत्रू तुझ्यावरच येतायत असं कोणी म्हणालं तेव्हा तो म्हणाला, डिमिट्रियस येईल मला सोडवायला. डिमिट्रियस आला नाही. भाल्यांच्या वर्षावात म्हातारा पडला. ज्योतिषांचं म्हणणं खरं झालं, आणि झेलमच्या काठावरचा धडा पंचवीस वर्षांनी उपयोगी पडला.

चंद्रगुप्ताशी संबंध पुढेही चांगले राहिले. मेगॅस्थेनिस हा ग्रीक वकील, म्हणजे राजदूत, पाटलीपुत्राला राहून आला. शहराच्या लाकडी तटाला ६४ दरवाजे आणि ५७० बुरूज असल्याचं त्यानेच नोंदवलं. पुढच्या पिढीत चंद्रगुप्ताचा मुलगा बिंदुसार याने सेल्युकसच्या मुलाला पत्र पाठवलं: गोड मद्य, सुके अंजीर आणि एक तत्त्वज्ञ विकत घेऊन पाठवा. उत्तर आलं, अंजीर आणि मद्य पाठवतो, पण तत्त्वज्ञ विकणं आमच्याकडे कायद्यात बसत नाही.

गावांना घरच्यांची नावं

इप्ससनंतर सीरिया सेल्युकसला मिळाला. त्याचा दक्षिण भाग टॉलेमीने आधीच बळकावला होता. खरं म्हणजे त्यावर सेल्युकसचा हक्क, पण संकटात आसरा देणाऱ्या मित्राशी लढायचं कसं? मैत्रीखातर आता काही करत नाही, पण जास्त हव्यास धरणाऱ्या मित्रांचं काय करायचं ते पुढे बघू, असं त्याने कळवलं. ते ‘पुढे’ म्हणजे दोन्ही घराण्यांच्या वारसांमधली सहा युद्धं.

एवढं अवाढव्य राज्य मूठभर ग्रीकांनी धरून ठेवायचं तर ते विखुरलेले राहून चालणार नव्हते. म्हणून शहरं वसवायची, निवृत्त शिपायांना जमीन द्यायची आणि गरज पडली की त्यांच्या घरातून लढायला माणूस घ्यायचा, अशी रीत होती. अ‍ॅपियन हा इतिहासकार मोजदाद देतो: बापाच्या नावाने सोळा अँटिओक, आईच्या नावाने पाच लाओडिकिया, स्वतःच्या नावाने नऊ सेल्युकिया, अपामाच्या नावाने तीन अपामिया. कल्पनाशक्तीबद्दल फार कौतुक करावं असं नाही, पण शहरं टिकली. तुर्कस्तानातलं आजचं अंताक्या म्हणजे तेच अँटिओक आणि सीरियातलं लताकिया बंदर म्हणजे त्याची आई लाओडिकी. हत्ती अपामियाला ठेवले होते. तिथेच राजाच्या घोड्यांची पागा, ३०,००० घोड्या आणि ३०० वळू घोडे. तिग्रिस नदीकाठची सेल्युकिया इतकी फुगली की जवळचं बॅबिलोन हळूहळू ओस पडत गेलं. ज्या गावाने त्याला आत घेतलं त्याच्या वाट्याला हे यावं, हे मात्र मनाला लागतं.

राज्यकारभार म्हणजे काय, हे तो स्वतः सांगायचा. रोज किती पत्रं वाचावी आणि लिहावी लागतात हे लोकांना कळलं, तर रस्त्यात पडलेला मुकुटही कोणी उचलणार नाही.

नाडीपरीक्षा

साठीच्या आसपास सेल्युकसने डिमिट्रियसच्या मुलीशी, स्ट्रॅटोनिकीशी लग्न केलं. होय, त्याच डिमिट्रियसच्या. काल वैरी, आज सासरा. मुलगी वयाने खूप लहान.

काही वर्षांनी युवराज अँटिओकस अंथरुणाला खिळला. खाईना, बोलेना. वैद्य एरॅसिस्ट्रॅटस दिवसभर उशाशी बसून राहिला. लोक येत-जात होते, रोग्यात काही फरक नव्हता. पण स्ट्रॅटोनिकी खोलीत आली की चेहरा लाल, घाम, नाडी सुसाट. वैद्याला रोग कळला. आता राजाला सांगायचं कसं? तो म्हणाला, मुलाला प्रेमरोग आहे आणि तो बरा होणारा नाही, कारण ती माझी बायको आहे. सेल्युकस म्हणाला, तू माझा मित्र ना? मग माझ्या एकुलत्या आधारासाठी तिला सोडणार नाहीस? वैद्याने विचारलं, स्ट्रॅटोनिकी असती तर तुम्ही सोडली असती? राजा रडत म्हणाला, राज्यही सोडलं असतं. मग वैद्याने खरं काय ते सांगितलं.

कथा बेतलेली असणार, इतकी ती गोळीबंद आहे. आणि त्या बाईला कोणी विचारलं का, हा प्रश्न आज वाचताना पहिला मनात येतो. पण त्यातला राजकीय भाग पक्का आहे: इ.स.पू. २९४च्या सुमारास स्ट्रॅटोनिकीचं लग्न अँटिओकसशी झालं, आणि बापाने त्याला राजा करून पूर्वेकडचा अर्धा कारभार सोपवला. त्यानंतर बॅबिलोनच्या पाट्यांवर ‘सेल्युकस आणि अँटिओकस, राजे’ अशी जोडनावं दिसतात. सिकंदराच्या मागे वारस नव्हता म्हणून काय झालं ते सेल्युकसने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने ती चूक केली नाही.

डिमिट्रियस पुढे त्याच्याच हाती सापडला. लायसिमाकसने निरोप धाडला, याला मारून टाक, दोन हजार टॅलेंट देतो. ही रक्कम प्रचंड होती. सेल्युकसने नकार दिला आणि सासऱ्याला बागा, शिकार, दारू अशा थाटाच्या कैदेत ठेवलं. दारूनेच तो दोन-तीन वर्षांत मेला.

युरोपला जाऊ नकोस

लायसिमाकसच्या घरात नेमकं उलट घडलं. तरुण राणीच्या कारस्थानात सापडून त्याने आपल्या कर्त्या मुलाला, अगाथोक्लिसला मारलं. सरदार उलटले. मुलाची विधवा पळून सेल्युकसकडे आली. तिच्या भावालाही त्याच्याच दरबारात आसरा मिळाला. हा भाऊ म्हणजे टॉलेमी केराउनोस, इजिप्तच्या टॉलेमीचा वारसाहक्क डावललेला थोरला मुलगा. केराउनोस म्हणजे वीज. आडवातिडवा माणूस. पण बाप जुना उपकारकर्ता, म्हणून सेल्युकसने त्याला सांभाळलं.

इ.स.पू. २८१ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या सार्डिसजवळ कोरुपेडियमच्या मैदानावर सेल्युकस आणि लायसिमाकस समोरासमोर आले. एक ७७ वर्षांचा, दुसरा ७४. सिकंदराबरोबर झेलम ओलांडताना दोघे एकाच होडीत होते. लायसिमाकस पडला आणि त्याच्या कुत्र्याने प्रेताची राखण केली, असं सांगतात.

आता सिकंदराच्या पिढीतला हा एकटाच उरला. हातात सिंधूच्या अलीकडपासून एजियन समुद्रापर्यंतचा मुलूख. फक्त इजिप्त नाही आणि मॅसेडोनिया नाही. मॅसेडोनिया म्हणजे घर. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी, तरुणपणी, तो तिथून निघाला होता आणि परत कधी गेला नव्हता. आशिया अँटिओकसच्या हवाली करून उरलेले दिवस गावी काढायचे, असं त्याच्या मनात असल्याचं एका जुन्या लेखकाने लिहिलंय. सिकंदराबरोबर असताना त्याने अपोलोच्या कौलाला मॅसेडोनियाला परतण्याबद्दल विचारलं होतं म्हणे. उत्तर होतं, युरोपला जायची घाई करू नकोस, तुझ्यासाठी आशियाच बरा.

त्याने आशिया आणि युरोपमधली सामुद्रधुनी ओलांडली. पलीकडे उतरून लायसिमाकिया शहराच्या वाटेवर त्याला एक जुनी वेदी दिसली. ही कोणाची, असं तो विचारत होता. लोक सांगत होते, तिला आर्गोस म्हणतात. आर्गोस नावाच्या जागेपासून जपून राहा, असाही एक कौल त्याला मिळाला होता. तेवढ्यात मागून केराउनोसने वार केला.

खुनी घोड्यावर बसून शहरात गेला, कपाळाला फीत बांधली आणि सेल्युकसच्याच फौजेने त्याला राजा म्हणून मानलं. दोन वर्षांच्या आत गॉल टोळ्यांशी लढताना तोही मेला. तिकडे अँटिओकस आधीपासूनच राजा असल्यामुळे आशियातलं राज्य हललं, पण कोसळलं नाही. त्या घराण्याची अखेर इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पेने केली.

सेल्युकसचं प्रेत केराउनोसकडेच राहिलं होतं. पर्गॅमॉनच्या किल्लेदाराने, फिलेटायरसने, मोठी रक्कम मोजून ते विकत घेतलं, दहन केलं आणि राख अँटिओकसकडे पाठवून दिली. मुलाने ती समुद्रकाठच्या सेल्युकियात पुरली आणि वर देऊळ बांधलं. ते गाव आशियातलं.